चिंध्यांचा दोर

आबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. गाव विचारलं, आणि गाव कळल्याबरोबर पुढचा प्रश्न केला, "तुमच्या बांयत शिमग्याक उदक कितलें उरता?"

बांय म्हणजे विहीर. मी पेडण्याकडची. आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी मी हाताला घट्टे पडेपर्यंत ओढलेलं होतं. पण शिमग्याच्या दिवसांत ते किती खाली जातं, हे मला सांगता येईना. भूगोल घेऊन बी.ए. झाले होते, वर बी.एड. होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि माझ्या वडिलांनी माझं प्रमाणपत्र काचेत बसवून देवाच्या तसबिरींच्या रांगेत लावलं होतं. मी म्हटलं, "पुरतं आम्हाला."

आबांनी आत पाहून बायकोला सांगितलं, "पुरता म्हणटा. शिकिल्लें मनीस." मग मला, गावच्या शाळेत लागलेल्या नव्या बाईला, भाड्याच्या खोलीची किल्ली दिली.

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता, आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याचं नाव मध्ये आणायचं नसतं, नाव गावाचं असतं, असं तेच म्हणायचे. सगळा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्या बायकोला सगळे वयनी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

गाव कारापूर आणि डिचोलीच्या मधला, आत वळलेला. गोवा राज्य होऊन एखादं वर्ष झालं असेल. शाळेच्या स्टाफरूममध्ये कोंकणी की मराठी या वादात चहा थंड होत असे, आणि बाहेरच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जात असत. धुतलेलं पांढरं लुगडं दोरीवर घातलं तर वाळेपर्यंत गेरूचं होई. भाषेच्या वादाबद्दल आबांचं मत एका वाक्याचं होतं. "देवाक दोनूय कळटात. तुमी सांगतात कितें, तें पळयात."

माझ्याशी ते मुद्दाम मराठी बोलायला सुरुवात करत आणि तिसऱ्या वाक्याला विसरत.

आबांच्या घरात पावसाला नावं ठेवायची नाहीत असा नियम होता. पोदेर सकाळी पाव घेऊन भिजत आला आणि "कसलो हो पावस" म्हणाला, तर आबा त्या दिवशी पाव घेत नसत. छत्री त्यांनी कधी वापरली नाही. "पावणो घरा येता आनी तुमी ताका पाठ दाखयतात," असं म्हणत ते डोक्यावर नुसता पंचा टाकून बाजाराला निघत. पावसाळाभर त्यांच्या अंगाला ओल्या सुंभाचा वास येई.

पाणी चाखून ते कुठलं आहे हे आबा सांगतात, असं ऐकलं होतं. आमच्या गणिताच्या सरांचा विश्वास नव्हता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते तीन तांबे घेऊन आले आणि सोप्यावर मांडून म्हणाले, "सांगा आबा." आबांनी पहिल्यातला घोट घेतला. "देवळाची बांय." दुसरा घेतला आणि थोडे थांबले. "शाळेची. काथ्याचो वास येता. नवी दोरी घातली काय रे?" दोरी आदल्याच दिवशी बदलली होती. सरांचा चेहरा उतरला. तिसरं पाणी सरांनी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेले असताना हॉटेलच्या नळाचं भरून आणलं होतं. आबांनी घोट तोंडात बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "ह्या पाण्याला घर नाही. पायपातून चालून चालून दमलंय बिचारं."

सर तांबे घेऊन गेले. पुढे ते आबांच्या घरावरून जाताना चप्पल हातात घेत की काय अशी थट्टा आम्ही करायचो. घेत नसत, पण सायकलवरून मात्र उतरत.

पण मला आबांपुढे खरोखर लहान वाटलं ते दोराने.

सोप्यावर एका खिळ्याला जाडजूड दोर टांगलेला असे. टोकाला नारळाएवढा दगड, आणि दोरावर ठिकठिकाणी चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं, नवसाबिवसाचं काही असेल. हात लावला नव्हता. एका सकाळी मी सोप्यावर बसून दहावीचा पाठ तयार करत होते. पुस्तक इंग्रजीत, समजावून सांगायचं मराठी-कोंकणीत, म्हणून मी मोठ्याने शब्द जुळवत होते. मीटिऑरॉलॉजिकल म्हणजे पावसाचा दुष्काळ, ॲग्रिकल्चरल म्हणजे शेतीचा दुष्काळ, हायड्रोलॉजिकल म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा दुष्काळ. शेवटी मुलांना लिहून द्यायला माझं स्वतःचं एक वाक्य केलं होतं : गोव्यासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात दुष्काळ पडत नाही.

आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"परत वाच."

मी वाचलं. ते उठले, खिळ्यावरचा दोर काढला आणि माझ्यापुढे सोप्यावर लांबच्या लांब पसरला.

दर वर्षी शिमग्याच्या पहिल्या दिवशी हा दोर देवळाच्या विहिरीत सोडायचा. दगड पाण्याला टेकला की दोर हाताला सैल लागतो. त्या क्षणी काठावर दोराचा जो भाग येईल तिथे त्या वर्षीची चिंधी बांधायची. पहिल्या दहा-बारा चिंध्या आबांच्या वडिलांच्या हातच्या होत्या. काथ्या कुजत आला की आबा नवा दोर वळत, आणि जुना शेजारी ताणून एकेक चिंधी त्याच अंतरावर नव्या दोरावर चढवत. दुसरं टोक वयनी धरत. शेवटची चिंधी बांधून होईपर्यंत दोघांच्या पोटात अन्न जात नसे.

"ही माझ्या आईच्या लुगड्याची. ही आमच्या लग्नातल्या उपरण्याची. ही ह्याच्या पहिल्या आंगल्याची." आंगलं म्हणजे झबलं, आणि 'ह्याच्या' म्हणजे मुलाच्या. तो तेव्हा पंचविशीचा होता आणि खाणीवर स्वतःचा ट्रक चालवत होता.

दगडापासून काही हातांवर एका वितीच्या जागेत चिंध्यांची गर्दी होती, पाखराच्या घरट्यासारखी. तीसेक वर्षांचं पाणी त्या एका वितीत राहिलं होतं. त्या घरट्यापासून हातभर दूर एकच काळी चिंधी होती.

"त्या वर्षी पाऊस अर्ध्यावर पळाला," आबा म्हणाले. "मृगात आला, आणि मग तोंड दाखवलं नाही. पाणी खाली गेलं. पण पुढल्या वर्षीची चिंधी बघ." ती पुन्हा घरट्यात होती. "रुसलेला पाऊस परत आला, पाणी परत आलं. हा तुझा पहिला."

मग घरट्यातलीच एक हिरवी चिंधी त्यांनी नखाने वर काढली. "ही बघ, जाग्यावर आहे. पण त्या वर्षी आमी नाचणी खाऊन दिवस काडले. पाऊस सगळा आषाढात ओतला. भादव्यात भात पोटरीला आलं तेव्हा मातीत ओल ना. बांय भरिल्ली, मडकी रिती. हो दुसरो."

मी पुस्तकातल्या दोन नावांवर पेन्सिलीने खुणा केल्या. असा आलेख मी कॉलेजात गुळगुळीत कागदावर काढला होता, आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. हा आलेख अंगावरच्या कपड्यांचा होता.

आबांनी दोर आणखी ओढून घेतला. शेवटच्या पाच चिंध्या घरट्यातून निघाल्या होत्या. पहिली बोटभर, दुसरी वीतभर, मग हात, दीड हात, आणि शेवटची राज्य झाल्यावर शाळेत वाटलेल्या पताकेच्या कापडाची, दोन हातांच्याही पुढे. एकही परत आली नव्हती.

"या पाच वर्षांत पाऊस चुकलो ना," आबा म्हणाले. "ओसरीखाली पावस मापपाक दवरिल्ली घागर म्हाका सांगता. मातयेंतूय ओल आशिल्ली. मगे उदक खंय गेलें?"

तिसरं नाव माझ्या पुस्तकात होतं. उत्तरही खिडकीबाहेर ऐकू येत होतं. डोंगरापलीकडे खाणीचा खड्डा विहिरींच्या तळाखाली उतरला होता, आणि खाली झिरपणारं पाणी पंप रात्रंदिवस उपसून ओढ्यात टाकत होते. ओढा तांबडा होऊन वाहत होता. त्याचा गाळ ज्या शेतांत शिरला तिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, पाणी असूनही धरत नव्हतं.

माझं ते शेवटचं वाक्य मी खोडलं. त्या दिवशी वर्गात मी दोर दाखवला. आबांनी तो पोत्यात घालून स्वतः आणून दिला आणि तास संपेपर्यंत दाराशी उभे राहिले. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता असं नाही. दोर त्यांनी कुणाकडेच एकटा सोडला नव्हता.

त्याच वर्षी, शिमग्याला पंधरा दिवस असताना, देवळाची विहीर आटली. असं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. तळाशी कळशी खरवडल्याचा आवाज आला तेव्हा पाणी भरायला आलेल्या बायका ओढायच्या थांबून नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग टँकर आला. टँकर वरच्या आळीत थांबे, खालच्या आळीच्या बायका बालद्या घेऊन धावत, आणि वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला गेलेल्या बायका रांगेत एकमेकींचं काढत. आबा बघत उभे होते. "उदक आसा, पूण वाटेर अडलां," ते मला म्हणाले. "हो चवथो. तुज्या पुस्तकात आसा?"

नव्हता. म्हणजे होता, एका ओळीत, मी वगळला होता.

त्याच आठवड्यात आबांच्या मुलाला बघायला पाहुणे आले होते. मुलीच्या आईने घर बघितलं, कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, बघितलं, विहिरीत डोकावली, आणि अर्धा चहा ठेवून उठली. टँकरच्या गावात कोण मुलगी देणार?

देवस्थानच्या बैठकीत ठरलं की पावसासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं. हे सांगायला देवस्थानचे अध्यक्ष स्वतः आबांकडे आले. आमच्या शाळेच्या समितीचेही तेच अध्यक्ष. खाणीवर त्यांचे ट्रक होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या घरची विहीरही आटली होती, आणि देवापुढे ते खऱ्या भक्तीने हात जोडत.

"आबा, देवाक पावसाचें सांगचें," ते म्हणाले. "पुढलें आमी मनशां पळयतलीं."

"पावस आयिल्लो," आबा म्हणाले. "ज्यानं दिलं त्याच्याकडे परत मागायचं म्हणजे त्याच्यावर आळ घालायचा."

"उणो आयलो."

"ना."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी दारात उभी होते. "बाई, तुमी भूगोल शिकयतात. पावस उणो जालो न्ही?"

दोर माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला होता. पण माझी नोकरी तात्पुरती होती, आणि ती कायम करायचा कागद याच गृहस्थांच्या सहीने पुढे जायचा होता. घरी काचेतलं प्रमाणपत्र होतं आणि त्याखाली दोन धाकटी भावंडं होती. मी म्हटलं, "नोंदी बघून सांगावं लागेल."

ते गेल्यावर आबा आत वळून म्हणाले, "आगो, बाईंक उदक दी. गळो सुकला." आणि वयनींनी पेला पुढे केला तेव्हा, तसंच न बघता, "चार सांगले. हो पांचवो."

तो पेला मी प्याले. इतकं जड पाणी मी कधी प्याले नाही.

गाऱ्हाण्याच्या सकाळी मुलगा आबांना म्हणाला, "बाबा, पावस मागात आनी बसात. दुसरें कितेंच नाका. माझो ट्रक त्याच खाणीर चलता." आबा धोतराचा काष्टा नीट करत होते. "गाऱ्हाण्यात फट उलयली तर गावाचें गाऱ्हाणें रितें वता," एवढंच म्हणाले. फट म्हणजे खोटं.

देवळाच्या अंगणात गाव जमला. पुढे मानकरी, एका बाजूला आम्ही बायका, आणि मागे भिंतीला टेकून ट्रकवाले, एक डोळा रस्त्यावरच्या ट्रकांवर ठेवून. गाऱ्हाण्याची रीत अशी की सांगणारा एकेक वाक्य म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या पुरुषांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून म्हटलेलं असतं. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

आबांनी नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा, आज गाव तुझ्या पायाशी उभा आहे."

"व्हय म्हाराजा."

"तुझी बांय आटली. लेकीसुना वाटेवर कळश्या घेऊन उभ्या आहेत."

"व्हय म्हाराजा."

"पण तू पाऊस दिलास. भरून दिलास. आमच्या ओसऱ्या गळल्या, वहाळ भरून गेले. तुझ्या देण्यात उणं नव्हतं."

"व्हय म्हाराजा." अध्यक्षांनीही म्हटलं. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी मान वर केली.

"तुझं पाणी आमच्या डोंगराच्या पोटात होतं. आमी डोंगर खणला. पंप लावून तुझं पाणी वहाळात सोडलं. आमच्या हातांनी, आमच्या पोटासाठी सोडलं."

शंभरेक पुरुष उभे होते आणि एकाचंही तोंड उघडलं नाही. त्या शांततेत पलीकडच्या खड्ड्यातल्या पंपाचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. तो रोजच येत असे. आबा नारळ धरून तसेच उभे राहिले. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य बोलता येत नाही. उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं तिथेच मोडतं, आणि गाऱ्हाणं मोडलेल्याच्या घरचा मान जातो. मी पावसाच्या नोंदी बघितलेल्या होत्या, पाऊस कमी झाला नव्हता. माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

मागच्या भिंतीकडून एकट्याचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आबांनी वळून पाहिलं नाही. त्यांना आवाज ओळखायची गरज नव्हती. तो त्यांच्या मुलाचा होता.

त्यामागोमाग बायकांच्या बाजूने वयनी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." बायकांनी म्हणायची रीत नाही. मग इकडून एक, तिकडून दोन, असे आवाज येत गेले. सगळे आले नाहीत. पण गाऱ्हाणं पुढे जायला पुरेसे आले.

"मागणं एवढंच," आबा म्हणाले, "केलेलं निस्तरायची बुद्धी दे." आणि नारळ फोडला.

दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या ट्रकाला खेप मिळाली नाही. ट्रक काढून त्याने टेंपो घेतला आणि म्हापशाच्या बाजाराला भाजी नेऊ लागला. पुढच्या वर्षी गाऱ्हाण्याचा मान आबांच्या चुलतभावाच्या घराकडे गेला. खाण चालूच राहिली, गावात नळ आला. माझी नोकरी कायम झाली, पण दुसऱ्या शाळेत, पेडण्याला, आणि तो कागद कुणी पुढे सरकवला ते मला आजही माहीत नाही. अध्यक्षांनीच सरकवला असेल. तसेही होते ते.

निघायच्या आधी एक गाऱ्हाणं मी पाहिलं. आबा शेवटच्या रांगेत उभे होते. चुलतभाऊ वाक्य म्हणे, गाव "व्हय म्हाराजा" म्हणे, आणि आबा फक्त जे वाक्य खरं असेल त्यालाच तोंड उघडत. बाकीच्यांना गप्प. दोन वाक्यांनंतर लोकांच्या ते ध्यानात आलं. मग सांगणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळा गाव आबा कुठे गप्प बसतात ते ऐकत होता.

जाताना त्यांनी मला सुंभाचा नवा दोर वळून दिला. "शिमग्याक तुमच्या बांयत सोडात. मगे म्हाका जाप दिया." ते विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मागत होते. मी दर वर्षी पोस्टकार्ड टाकत राहिले. पाणी अमुक हातावर, चिंधी अमुक कापडाची. आबांचं उत्तर कधी आलं नाही. शेवटच्या कार्डाचं उत्तर मुलाने लिहिलं, की बाबा गेले, तुमची कार्डं दोराच्या खिळ्याला टोचलेली सापडली.

बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. मधल्या काळात खाणी बंद पडल्या, पंप थांबले, खड्ड्यात पाणी साचलं. यंदा शिमग्याच्या आधी आबांच्या मुलाचा फोन आला. तोही आता आजोबा झाला आहे. "बाई, येयात. दोर सोडूंया. यंदाची चिंधी तुमची."

मी ज्या साडीत पदवी घ्यायला गेले होते तिचा काठ फाडून नेला.

देवळाच्या विहिरीला आता कुणी येत नाही, घरोघर नळ आहे. काठावर शेवाळ धरलं होतं. आबांच्या मुलाने दगड सोडला, दोर हातातून सरकत गेला, बराच वेळ सरकत गेला, आणि एकदम सैल पडला. त्याने काठावर बोट दाबून धरलं. मी चिंधी बांधली. मग दोर वर ओढून आम्ही सोप्यावर पसरला. आबांच्या मागे त्याने बांधत नेलेल्या, लांब गेलेल्या चिंध्यांच्या मालिकेतून माझी चिंधी मागे फिरली होती. घरट्यापासून अजून हातभर लांब होती.

"रागान गेल्लो मनीस परततना जसो येता, तशें येता," तो म्हणाला. "बेगीन येवचें ना." मग दोराकडे बघतच, वडिलांच्याच चालीवर, तो सावकाश म्हणाला, "बा देवा म्हाराजा, पाणी आमीच घालवलं होतं."

अंगणात आम्ही दोघंच होतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.